उद्वाहन कार्यान्वित आहे

४ जून

चि. ठकीस,

तुझं पत्र पोचलं. बढती मिळाली, वेगळं टेबल मिळालं आणि त्या टेबलाला चक्क कुलूप लागणारा खण आहे, हे वाचून जीव सुखावला. सहा वर्षं त्या आरोग्य खात्यात तू दुसऱ्यांच्या चुका नीटनेटक्या टाइप करत होतीस. आता स्वतःच्या कर.

मी फोन उचलत नाही अशी तुझी तक्रार आहे. अगं, फोन घरात वाजतो आणि मी सध्या घरात बसून नसते. जरा उंचावर, मोकळ्या हवेत असते. दिमतीला माणसं आहेत, वेळेवर खाणं आहे. काळजीचं कारण नाही. शिवाय फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतेस आणि तिकडे काहीतरी टाइप करत असतेस, ते मला ऐकू येतं. पत्रात माणसाला पूर्ण वाक्य लिहावं लागतं.

परवा आपला आमदार भेटायला आला होता, हातात केळी घेऊन. सातवीत माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, ते आठवतं ना तुला? निवडून येऊन दीड वर्ष झालं. एवढ्या काळात सभागृहात त्याने तोंड उघडलं ते फक्त जांभई द्यायला. मी विचारलं, “का रे, बोलत का नाहीस?”

“बाई, तिथे सगळे फार हुशार आहेत. बोलायला भीती वाटते.”

“मग बोलू नकोस. विचार. उत्तर द्यायला अक्कल लागते, विचारायला नुसते डोळे पुरतात. आत्ता हा जिना चढून आलास ना? मग तेच विचार.”

तो बराच वेळ डोकं खाजवत बसला. केळी मात्र बरी निघाली.

नव्या कामात नेमकं काय करतेस ते सविस्तर लिही. आणि डबा विसरत जाऊ नकोस.

तुझी आत्या


१९ जून

प्रिय आत्या,

तुमचा आमदार बोलला! म्हणजे तोंडाने नाही, पण त्याने प्रश्न पाठवला आणि तो आला थेट माझ्या टेबलावर.

माझं काम म्हणजे हेच. लोकांना वाटतं, आमदार प्रश्न विचारतात आणि मंत्री उत्तर देतात. खरं तर प्रश्न येतो माझ्याकडे. मी जिल्ह्याला विचारते, जिल्ह्याचं उत्तर आलं की ते सरकारी भाषेत बसवते, मोठे साहेब त्यावर सहीचा कोंबडा काढतात आणि मंत्री ते वाचतात. साहेबांना आम्ही पाठीमागे ‘विचाराधीन’ म्हणतो. त्यांना चहा विचारला तरी ते “बघू” म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला गुरुमंत्र दिला: “खोटं कधी लिहायचं नाही. आणि खरं लिहायची घाई करायची नाही.”

तर तुमच्या आमदाराचा प्रश्न ऐक. “सदर रुग्णालयात उद्वाहनासाठी विहिरीसारखी पोकळी बांधून चार वर्षे झाली; तथापि उद्वाहन अद्याप नाही, हे खरे आहे काय; असल्यास, रुग्णांस वरच्या मजल्यावर कसे नेतात; नेल्यास, खाली कसे आणतात?” आत्या, तीन अर्धविराम, आणि तिन्ही जागच्या जागी! आमच्या शाखेत सगळ्यांनी तो कागद हातात घेऊन पाहिला. ‘उद्वाहन’ म्हणजे लिफ्ट, हे मला शब्दकोशात शोधावं लागलं. साहेब म्हणाले, “या माणसाच्या मागे कोणीतरी वकील आहे.”

मी लगेच जिल्ह्याला विचारलं. चार दिवसांत उत्तर: “उद्वाहन एक. चालू स्थितीत. चालक रजेवर.” माझ्या हातचं पहिलं उत्तर तयार झालं: “हे खरे नाही. उद्वाहन उपलब्ध करून देण्यात आले असून ते कार्यान्वित आहे. चालक रजेवर असल्याने काही काळ गैरसोय झाली. उर्वरित प्रश्न उद्भवत नाहीत.” मंत्र्यांच्या नावाने ते लेखी गेलंसुद्धा. ‘उद्भवत नाहीत’ लिहिताना अंगावर मूठभर मांस चढलं बघ.

एकदा वाटलं, तुलाच फोन करून विचारावं, तुझ्या गावचा दवाखाना आहे. पण साहेब म्हणाले, “आत्या हा अधिकृत स्रोत नाही.”

तू ‘उंचावर’ असतेस म्हणजे कुठे? टेकडीवर फिरायला जातेस का? गुडघ्याला जप.

तुझी ठकी


२५ जून

चि. ठकीस,

तुझं पत्र वाचून मला ठसका लागला. शेजारच्या बाईंनी पाणी दिलं.

वकील म्हणे! वकिलाला अर्धविराम येत असता तर खटले वीस वर्षं चालले असते का?

तुझ्या उत्तराबद्दल दोन शब्द. चौतीस वर्षं मी व्याकरण शिकवलं, तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस. “उपलब्ध करून देण्यात आले.” कोणी दिलं? कर्ता कुठे आहे? लहान मूल जेव्हा म्हणतं, “कप फुटला”, तेव्हा कप त्यानेच फोडलेला असतो. आणि “कार्यान्वित आहे.” ‘आहे’ हा वर्तमानकाळ. वर्तमानकाळ वापरायचा तर ती वस्तू वर्तमानात असावी लागते. तू ती डोळ्यांनी पाहिलीस का? ज्याने कळवलं त्याने पाहिली का?

मी आपलं सहज विचारते. मला कुठे काय माहीत. मी कुठे अधिकृत आहे.

इथे वेळ छान जातो. समोरच्या खाटेवर, म्हणजे समोरच, एक निवृत्त ड्रिलमास्तर होते. त्यांच्या पायाचं प्लास्टर काढलं आणि चार माणसांनी त्यांना खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली न्यायला घेतलं. वळणावर खुर्चीचा पाय निसटला. मास्तर दुसऱ्या पायाला प्लास्टर घालून परत वर आले. ही आपली ऐकीव गोष्ट.

डबा नेतेस ना?

तुझी आत्या


३ जुलै

आत्या,

आज मायना-बियना काही नाही.

तुझ्या आमदाराचा दुसरा प्रश्न आला. या वेळी तोंडी उत्तराचा, म्हणजे सभागृहात सगळ्यांसमोर. त्यात लिहिलंय: “मागील उत्तरात कर्त्याचा उल्लेख नाही, ‘कार्यान्वित आहे’ हे वर्तमानकाळी क्रियापद कोणी, कोणत्या दिवशी, प्रत्यक्ष पाहून वापरले?” आत्या, आख्ख्या राज्यात हे वाक्य लिहू शकणारं एकच माणूस आहे. तिच्या हाताखाली मी लहानाची मोठी झाले आणि तिने माझी वाढदिवसाची पत्रंसुद्धा लाल शाईने तपासून परत पाठवलीत.

तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. “समोरच्या खाटेवर, म्हणजे समोरच.” “हा जिना चढून आलास ना?” कुठला जिना? आपलं घर बैठं आहे!

म्हणून मी जिल्ह्याच्या कारकुनाला स्वतः फोन केला. म्हटलं, ते उद्वाहन कसं आहे? तो म्हणाला, “एकदम फस्क्लास, बाई. मागची दोन टायर नवीच घातलीत.”

म्हटलं, “अहो, लिफ्टला टायर?”

“लिफ्ट? लिफ्ट कुठली? तुम्ही वाहन विचारलं होतंत ना? ती पांढरी रुग्णांची गाडी. चालक रजेवर आहे, तसं कळवलं होतं मी. वाहनाला ‘उद्’ कशाला लावलं ते कळलं नाही, पण वरून आलेल्या कागदात असतंच असं काहीबाही.”

थोडक्यात, मंत्र्यांनी लिफ्ट म्हणून सभागृहाला गाडी दाखवली आहे आणि त्या कागदावर तळाशी माझी सही आहे. सभागृहाला चुकीची माहिती देणं म्हणजे हक्कभंग. साहेबांना सांगितलं तर ते खुर्चीतच अर्धे झाले. मग सुधारित उत्तर सुचवलं: “उद्वाहन कार्यान्वित आहे, तथापि त्याची उभ्या दिशेतील हालचाल विचाराधीन आहे.” यावर मी सही करायची. उत्तर शुक्रवारी आहे, ११ तारखेला. प्रकरण शेकलं तर साहेब म्हणतात, “नव्या मुलीची नजरचूक.”

आता खालील प्रश्नांची उत्तरं दे:

(१) आपण गेला महिनाभर घरी नाही, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, आपण सदर रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर आहात काय;
(३) असल्यास, आपल्याला काय झाले आहे;
(४) ते भाचीपासून लपवण्याची कारणे काय?

ठकी


८ जुलै

चि. ठकीस,

(१) हे अंशतः खरे आहे. महिना नव्हे, सात आठवडे.

(२) होय.

(३) माहिती संकलित करण्यात येत आहे.

(४) प्रश्न उद्भवत नाही.

नाही गं, नाही जमत. तुमची ही भाषा फार सोयीची आहे, पण चौथ्या ओळीला मलाच माझी लाज वाटली.

मे महिन्यात स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा शब्दकोश काढत होते. शब्दकोश आला आणि त्याच्या मागोमाग मी आले. खुब्याचं हाड मोडलं. चौघांनी खुर्चीत घालून सव्वीस पायऱ्या वर आणलं. ऑपरेशन उत्तम झालं. आता काठी घेऊन या टोकाहून त्या टोकाला चालते. पण डॉक्टर म्हणतात, जिना इतक्यात नको, आणि खुर्चीतून उतरायची माझी तयारी नाही. मास्तरांची गत मी ऐकलेली नाही, पाहिलेली आहे. तुझी पत्रं शेजारीण घरून आणून देते. इथून खाली फाटकापर्यंत दिसतं. माणसं येताना दिसतात, जाताना दिसतात, आणि मी आपली कबुतरासारखी वर.

तुला का नाही कळवलं? तू टेबल-खुर्ची सोडून धावत आली असतीस. बढतीला महिनासुद्धा झाला नव्हता. तुझी आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस, तेव्हापासून मी तुला एकच सांगत आले, आपल्या पायावर उभी राहा. आणि तू उभी राहिलीस त्याच महिन्यात मी माझा मोडून घेतला. कुठल्या तोंडाने कळवणार?

प्रश्न मीच लिहिले. उशीखाली वही ठेवून. तुझ्या टेबलावर जाणार हे पहिल्या वेळी माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी माहीत होतं. म्हटलं, पोरीला जरा व्याकरण कळेल. नोकरीवर बेतेल असं स्वप्नातही नव्हतं.

आणि सगळ्यात मोठी चूक माझीच. आमदार म्हणत होता, “बाई, लिफ्टच लिहू या ना. लोक लिफ्टच म्हणतात.” मी म्हटलं, “सभागृहात शुद्ध बोलावं.” घे शुद्ध! एका ‘उद्’पायी गाडीला लिफ्ट केली.

काल त्याला बोलावून सांगितलं, शुक्रवारचा प्रश्न सोडून दे. नाव पुकारलं की बसून राहा, तुला सवय आहे. तो खाली मान घालून ऐकत होता. तेवढ्यात जिन्यात आरडाओरडा झाला. एका बाळंतिणीला खुर्चीतून वर आणत होते. खुर्ची वळणावर अडकली, ना वर ना खाली. नर्स धावली, आया धावल्या, एकीने जिन्याला चादरीचा आडोसा धरला. आणि भर दुपारी, बाराव्या आणि तेराव्या पायरीच्या मध्ये, मुलगी झाली. आई-लेक दोघी ठीक आहेत. नर्सने नोंदवहीत जन्माचं ठिकाण काय लिहावं म्हणून मलाच विचारलं. मी म्हटलं, “जिना” लिही.

आमदार ते सगळं बघत भिंतीला टेकून उभा होता. जाताना म्हणाला, “बाई, तरी बसून राहू?”

मी हो म्हटलं. पहिल्यांदाच आयुष्यात विद्यार्थ्याला चुकीचं उत्तर सांगितलं. पण तुझी नोकरी जायला नको. तू साहेबांच्या त्या कागदावर सही करून मोकळी हो.

आत्या


१४ जुलै

आत्या,

तुझं पत्र माझ्या हातात शुक्रवारी संध्याकाळी पडलं. तोवर सगळं होऊन गेलं होतं.

गुरुवारी मी साहेबांचं ते ‘उभ्या दिशेतील हालचाल’ टाइप केलं आणि सही करायला पेन उचललं. पेन चालेना. म्हणजे पेन चालत होतं, हात चालेना. तू वर कुठेतरी पडून आहेस एवढं मला कळलं होतं, आणि मी लिहिणार की लिफ्ट आहे! शुक्रवारी सकाळी साहेब दाढ काढायला गेले. मी तो कागद खणात ठेवला, खणाला कुलूप लावलं आणि मंत्र्यांच्या फायलीत दुसरं पान घातलं. आमचे मंत्री उत्तर आधी कधीच वाचत नाहीत. सभागृहातच पहिल्यांदा वाचतात, म्हणून त्यांच्या आवाजात नेहमी खरंखुरं आश्चर्य असतं.

अधिकाऱ्यांच्या गॅलरीत मी कोपऱ्यात बसले होते. अध्यक्षांनी प्रश्नाचा क्रमांक पुकारला. तुझा आमदार बसून राहिला. अध्यक्ष दुसऱ्यांदा म्हणाले, “सन्माननीय सदस्य प्रश्न विचारणार आहेत का?” तो अर्धा उठला, पुन्हा बसला. मग एकदम ताडकन उभा राहिला. हातातले कागद सगळे खाली सांडले. ते उचलायला वाकला, तर माइकला डोकं आपटलं. सभागृह हसायला लागलं. तो तसाच उभा, कान लाल, आणि कागदाशिवाय म्हणाला:

“अध्यक्ष महाराज, वर जायचं कसं?”

आणखी हशा. कोणीतरी ओरडलं, “वर जायची एवढी घाई कशाला?” अध्यक्षही हसले. तो हसला नाही. म्हणाला, “आमच्या दवाखान्यात लिफ्ट नाही. सोमवारी एक बाई जिन्यात बाळंत झाली. मी तिथे उभा होतो. मला काही करता आलं नाही. म्हणून विचारतो. वर जायचं कसं?”

आत्या, हसणं असं थांबलं, जसं कोणी नळ बंद केला. मंत्री उठले, फाइल उघडली आणि त्यांच्या त्या आश्चर्याच्या आवाजात वाचू लागले: “हे खरे आहे. लिफ्ट नाही. चार वर्षांपूर्वी जागा बांधली आणि नंतर आमच्या खात्याने पाठपुरावा केला नाही. मागचे उत्तर चुकीचे होते. ते आम्ही न पाहता दिले.” त्यांनी पान उलटून पाहिलं, पुढे काही आहे का ते. काही नव्हतं. मी तेवढंच लिहिलं होतं.

मग विरोधी बाजूने एकाने बाक वाजवला आणि मग दोन्ही बाजूंनी असे काही बाक वाजले की मंत्र्यांनी मागे वळून पाहिलं, दुसऱ्याच कोणासाठी तर नाही ना. आपल्यासाठीच आहे म्हटल्यावर त्यांना स्फुरण चढलं. “तीस दिवसांत लिफ्ट बसेल!” हे मी लिहिलं नव्हतं. हे त्यांचं स्वतःचं.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “ते पान कोणी लिहिलं?” साहेब गालावर फडकं धरून आले होते, त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मंत्री म्हणाले, “थोडं अजून लिहायचं होतंस. वाचायला बरं वाटत होतं.”

आता दुसरी बातमी. मंत्री यापुढे सगळीच उत्तरं तशी मागतील, या धास्तीने खात्यात पळापळ झाली. आजच मला कागद मिळाला: “आपली बदली लेखनसामग्री भांडारात करण्यात येत आहे.” कोणी केली, विचारू नकोस. कर्ता नाही. पण नोकरी आहे, पगार तोच आहे आणि भांडारात बाराशे बाटल्या लाल शाई आहे.

भांडारात रुजू होण्याआधी मला आठ दिवस रजा मिळते. मी उद्याच निघते. आणि तू मला “काळजीचं कारण नाही” असं पुन्हा कधी लिहिलंस तर बघ.

ठकी


३० ऑगस्ट

चि. ठकीस,

तू आठ दिवस राहून गेलीस आणि मला फार सुनंसुनं वाटलं. डॉक्टर रोज विचारतात, “ती भांडणारी भाची कधी येणार?”

तीसचे एकेचाळीस दिवस झाले, पण लिफ्ट आली. सरकारच्या मानाने हे म्हणजे पळतच आली. गेल्या आठवड्यात मंत्री सुरू करून द्यायला आले. मी वरून, कठड्यापाशी खुर्ची घेऊन, सगळं पाहत होते. आठ माणसांची लिफ्ट, शिरले नऊ. ती बापडी घंटा वाजवत राहिली, जागची हलेना. मंत्री म्हणाले, “एकाने कोणीतरी उतरा.” प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बघायला लागला. शेवटी दाराजवळ उभे असलेले मंत्रीच मागच्यांना वाट द्यायला क्षणभर बाहेर आले, आणि दार मिटून लिफ्ट त्यांना खाली ठेवून वर निघून गेली! वर फोटोवाले, हारवाले, आमदार सगळे पोचले, मंत्री तेवढे नाहीत.

ते जिन्याने आले. वळणावर टेकले, रुमालाने मान पुसली, वर किती राहिलं ते पाहिलं आणि नर्सला म्हणाले, “पायऱ्या फार उंच आहेत हो.” नर्स म्हणाली, “साहेब, तुमच्या हातात निदान खुर्ची तरी नाही.” उरलेल्या पायऱ्या ते कठडा धरून चढले.

आमदार मला भेटून गेला. पुढच्या अधिवेशनासाठी प्रश्न लिहून द्या म्हणाला. मी म्हटलं, तुझे तू लिही, मी फक्त अर्धविराम घालीन. तर म्हणतो, “बाई, अर्धविरामही नको. मला मध्ये थांबलं की भीती वाटते.”

आणि आता माझं. काल मला घरी सोडलं. डॉक्टर, नर्स, दोघी आया, ड्रिलमास्तर, सगळे दाराशी जमले. सगळ्यांना वाटत होतं, या लिफ्टमधून बाईंना उतरताना बघावं. कोणी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी काठी टेकत ऐटीत आत गेले आणि मागे वळून उभी राहिले.

ठके, तुला म्हणून सांगते. आयुष्यात मी कधी लिफ्टमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. तिच्यासाठी दोन महिने भांडले, तिच्यावर व्याकरण झाडलं, मंत्र्यांना सभागृहात उभं केलं, आणि दार मिटायला लागल्याबरोबर माझी सगळी ऐट उतरली. बरोबरच्या आयाबाईचा हात इतका घट्ट धरला की ती “बाई, बांगडी!” म्हणून ओरडली. डोळे जे मिटले ते खाली दार उघडून वारा तोंडावर आला तेव्हाच उघडले.

त्यामुळे लिफ्ट आतून कशी आहे, मला सांगता येत नाही. लोक चांगली आहे म्हणतात. तू पुढच्या महिन्यात येशील तेव्हा आपण दोघी जाऊ. मी तुझा हात धरीन, तू बघून सांग.

तुझी आत्या